स्टुडिओ उघडण्यापूर्वीची वही

गोंदिया शहर मागे टाकून उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर नागरा हे गाव लागते. येथील प्राचीन महादेव मंदिर साऱ्या परिसरात प्रसिद्ध असून महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. वर्षाचे उरलेले दिवस धानाच्या शेतीचे, लहानसहान दुकानदारीचे आणि गोंदियाला होणाऱ्या नित्याच्या ये-जाचे असतात. या गावात रस्त्यालगत एका व्यापारी कुटुंबाचे घर आहे, अशी कल्पना करावी. पुढे किराणा व धान्याचे दुकान, मागे राहते घर आणि बाजूला पूर्वी गोदाम म्हणून वापरात असलेली एक रिकामी खोली. पदवी घेतलेला धाकटा मुलगा दोन वर्षांपासून लग्नसराईत एका छायाचित्रकाराच्या हाताखाली काम करतो आहे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर एके दिवशी तो वडिलांसमोर एक कागद ठेवतो. त्या रिकाम्या खोलीत त्याला व्यक्तींचे व कुटुंबांचे फोटो काढण्याचा स्टुडिओ उघडायचा आहे.

कागदावरील खर्चाची बेरीज ३,६०,००० रुपये आहे. घरात यासाठी बाजूला काढता येईल अशी रक्कम १,६०,००० रुपये. उरलेल्या दोन लाखांचे काय, असे वडील विचारतात, तेव्हा आई काही न बोलता स्वतःच्या हातांतील बांगड्यांकडे पाहते. तिच्या मनात काय आले ते घरातील सर्वांना कळते, आणि कोणीच काही बोलत नाही.

घर काल्पनिक असले तरी असा प्रसंग आज अनेक व्यापारी घरांत येतो. पुढची पिढी गादीवर न बसता एखादी कला किंवा सेवा हाच व्यवसाय म्हणून निवडते. वडिलांना मालाचा हिशेब येतो, मुलाला कॅमेऱ्याचा. स्टुडिओचा हिशेब मात्र दोघांनाही नवा असतो, आणि तो मांडण्याआधीच पैसा गुंतून जातो.

मालाचा धंदा आणि वेळेचा धंदा

धान्याच्या दुकानात पैसा मालात असतो. आज न खपलेली तूरडाळ उद्या खपते. एका गिऱ्हाइकाने नको म्हटले तर दुसरे घेऊन जाते. भाव उतरला तर काही काळ थांबता येते. स्टुडिओत यातील काहीच शक्य नाही, कारण तेथे विकला जातो तो वेळ. मंगळवारी सकाळी दहा ते अकरा कोणी आले नाही, तर तो तास कायमचा गेला. तो फळीवर ठेवून बुधवारी विकता येत नाही. जागेचे भाडे, विजेचे बिल आणि मदतनिसाचा पगार मात्र त्या रिकाम्या तासालाही लागू असतो.

दुसरा फरक तयार वस्तूचा आहे. एका कुटुंबाचा फ्रेममध्ये बसवलेला फोटो त्या कुटुंबावाचून जगात दुसऱ्या कोणालाही विकता येत नाही. त्यांनी तो नेला नाही, तर कागद, शाई, फ्रेम आणि श्रम सारेच बुडते. म्हणून फोटो काढण्यापूर्वी निम्मी रक्कम आगाऊ घेणे हा या व्यवसायाचा पहिला नियम होय. गावात ओळखीपाळखीची माणसे फार, त्यामुळे आगाऊ रक्कम मागण्याचा संकोच होतो. पण यात अविश्वासाचा प्रश्न नाही. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक असते, तो उधारीवर तयार करू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. नियम मामांना आणि मित्रांनाही सारखाच लावला, तर कोणाला वाईट वाटण्याचे कारण उरत नाही.

या दोन्ही फरकांचा परिणाम भांडवलावर होतो. स्टुडिओचे मोठे भांडवल कॅमेऱ्यात असते असा समज आहे. वस्तुतः पहिल्या वर्षातील रिकामे तास निभावून नेण्यासाठी लागणारा पैसा हेच या धंद्याचे खरे भांडवल आहे. मुलाच्या कागदावर नेमके तेच नाही.

मुलाचा कागद

कागदावरील रकमा अशा आहेत. कॅमेरा व लेन्स १,१०,००० रुपये, स्टुडिओचे दिवे ४०,०००, मागचे पडदे १०,०००, संगणक ७०,०००, प्रिंटर २५,०००, खोलीची रंगरंगोटी, वायरिंग व आरसा ६०,०००, इन्व्हर्टर २५,०००, फोटो साठवण्याच्या हार्ड डिस्क १२,००० आणि पाटी व किरकोळ खर्च ८,०००. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. बाजारात चौकशी करून प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. येथे महत्त्व आहे ते मांडणीला.

वडील कागद दोनदा वाचतात आणि विचारतात, “अरे, कॅमेरा किती वर्षे चालेल ते तू लिहिलेस. गिऱ्हाईक आले नाही तर आपण किती महिने चालू, ते कुठे लिहिले आहेस?”

या प्रश्नाचे उत्तर महिन्याच्या खर्चात दडलेले असते. खोलीचे भाडे ४,००० रुपये धरावे. खोली घरची असली तरी हे भाडे लिहावेच, कारण तीच खोली दुसऱ्याला दिली असती तर घराला उत्पन्न मिळाले असते. मदतनीस ८,०००, वीज २,५००, फोन, इंटरनेट व सॉफ्टवेअर १,५००, विमा व दुरुस्ती १,००० आणि पुढील कॅमेऱ्यासाठी दरमहा राखून ठेवायचे २,५५० रुपये. मुलाचा स्वतःचा मोबदला १२,००० रुपये. दोन लाखांचे कर्ज १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, असे धरल्यास हप्ता सुमारे ४,४५० रुपये येतो. एकूण महिन्याचा बोजा ३६,००० रुपये झाला.

आता आवक पाहावी. पासपोर्ट आकाराच्या फोटोंचा एक संच ६० रुपयांना दिला आणि त्यात कागद व शाईचे १० रुपये गेले, तर ५० रुपये उरतात. कौटुंबिक फोटो मोठ्या फ्रेमसह १,५०० रुपयांना दिला आणि छपाई व फ्रेमचे ५०० रुपये गेले, तर १,००० रुपये उरतात. रोज १२ संच, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ३०० संचांतून १५,००० रुपये. उरलेल्या २१,००० रुपयांसाठी दरमहा २१ कुटुंबांनी स्टुडिओत येऊन मोठा फोटो काढून घेतला पाहिजे. वर्षाला २५२ कुटुंबे झाली. गोंदिया इतके जवळ असताना नागऱ्यासारख्या गावात नव्या स्टुडिओला पहिल्याच वर्षी हे साधेल काय? मुलगा गप्प होतो. एवढी कुटुंबे फोटो काढून घेणार नाहीत, हे त्याला कळते. आजवर ही बेरीज कोणी केली नव्हती, इतकेच.

येथेच सवलतीचाही हिशेब करून ठेवावा. १,५०० रुपयांच्या फोटोवर ओळखीखातर ३०० रुपये सोडले, तर पाचवा हिस्सा सोडला असे वाटते. पण हाती उरणारे मूळचे १,००० रुपयेच आहेत, म्हणून प्रत्यक्षात ३० टक्के सोडलेले असतात. शिवाय एका कौटुंबिक फोटोमागे फोटो काढणे, निवडणे, संगणकावर सुधारणे आणि फ्रेम करणे यांत सहज चार तास जातात. सवलत त्या तासांच्या मजुरीतून जाते.

दोन जुनी उदाहरणे

छायाचित्रणाच्या इतिहासात या प्रश्नावर प्रकाश टाकणारी दोन चरित्रे आहेत. पहिले राजा दीनदयाळ यांचे. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. १८७४ मध्ये त्यांनी हाती कॅमेरा घेतला, पण नोकरी सोडली नाही. सुमारे दहा वर्षे पगार घराला पोसत राहिला आणि कॅमेरा नाव मिळवत राहिला. मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची त्यांनी काढलेली छायाचित्रे गाजली, संस्थानिक व इंग्रज अधिकारी यांच्याकडून कामे येऊ लागली, आणि त्यानंतरच १८८५ च्या सुमारास ते नोकरीतून बाहेर पडून पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली, सिकंदराबादेत स्टुडिओ उभा राहिला, आणि १८९६ मध्ये मुंबईत त्यांच्या पेढीचा भव्य स्टुडिओ सुरू झाला. कॅमेरा हाती घेतल्यापासून मुंबईच्या स्टुडिओपर्यंत बावीस वर्षे गेली होती.

दुसरे चरित्र दादासाहेब फाळके यांचे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या कलावंताने १८९५ मध्ये व्यावसायिक छायाचित्रकार होण्याचे ठरवून गोध्रा गाठले. कौशल्यात ते कोठेही कमी नव्हते. पण १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी व अपत्य दगावले आणि गोध्रा सोडावे लागले. बडोद्याला त्यांनी पुन्हा छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढल्याने आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरली. धंदा बसला नाही, आणि फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ करून ते भारतीय चित्रपटाचे जनक ठरले, हा पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे.

फाळके यांचे गणित चुकले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. साथ आणि लोकभ्रम यांचा अंदाज कोणत्या वहीत बांधता आला असता? दोन्ही चरित्रे शेजारी ठेवली की मात्र एक गोष्ट दिसते. संकट कलेची परीक्षा घेत नाही. गिऱ्हाईक नसताना किती दिवस तग धरता येतो, एवढेच ते पाहते. दीनदयाळ यांच्यामागे पगाराचा आधार होता. नागऱ्यातील मुलाला असा आधार मिळण्याजोगा आहे, कारण लग्नसराईतील त्याचे काम अजून सुटलेले नाही.

दुसरा कागद

मग त्याच रात्री दुसरा कागद लिहिला जातो. चांगल्या स्थितीतील वापरलेला कॅमेरा व लेन्स ५०,००० रुपये, सॉफ्टबॉक्ससह एक दिवा १२,०००, दोन पडदे ५,०००, लहान प्रिंटर १२,०००, दोन हार्ड डिस्क १०,०००, खोलीची सफेदी ८,००० आणि पाटी व किरकोळ ३,०००. संगणक घरात आहेच. एकूण एक लाख. उरलेले ६०,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात जातील आणि वस्तू घेण्यासाठी त्यांना हात लावायचा नाही. कर्ज नाही, म्हणून हप्ता नाही. मदतनीस नाही. मुलगा लग्नसराईचे काम चालू ठेवील आणि स्वतःचा खर्च त्यातून भागवील, म्हणून पहिल्या वर्षी स्टुडिओवर त्याच्या मोबदल्याचा भार नाही. राहिला महिन्याचा खर्च ११,५५० रुपये.

रोज सहा संच धरले तर महिन्याला १५० संचांतून ७,५०० रुपये येतात. त्यावर पाच कुटुंबांचे फोटो निघाले की ५,००० रुपये मिळून खर्च भागतो आणि ९५० रुपये उरतात. पहिल्या कागदावर २१ कुटुंबांची गरज होती, दुसऱ्यावर पाचांची आहे. पासपोर्ट फोटोंचे काम पूर्णच थांबले असे धरून पाहिले, तरी दुसऱ्या कागदाला महिन्याला १२ कुटुंबे पुरतात. पहिल्याला ३६ लागली असती.

राखीव ६०,००० रुपये म्हणजे या खर्चाचे पाच महिने. गिऱ्हाईक एकही आले नाही तरी पाच महिने दार उघडे राहते. चातुर्मासात लग्नकार्ये थांबतात, त्या चार महिन्यांचा काळ या रकमेतून निभावता येतो. स्टुडिओ कधी उघडावा याचे उत्तरही यातूनच मिळते. आषाढात उघडून पहिले चार महिने रिकामे घालवण्यापेक्षा दिवाळीच्या सुमारास उघडलेला बरा. त्या दिवसांत धान घरात येते, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि झाडीपट्टीतील गावोगावच्या मंडईसाठी लेकी, जावई, पाहुणे घरी आलेले असतात. सारे कुटुंब एकत्र असते आणि हातात थोडा पैसाही असतो. पुढे महाशिवरात्रीची यात्रा येते, आणि जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशअर्जांचे काम मिळते. म्हणून या धंद्याचा अंदाज महिन्याचा न बांधता पूर्ण वर्षाचा बांधावा. ११,५५० रुपयांप्रमाणे वर्षाचा खर्च १,३८,६०० रुपये होतो. चांगल्या महिन्यातील शिल्लक ही पुढच्या मंद महिन्याची ठेव आहे, हे लक्षात ठेवले तर ती कार्तिकात खर्च होणार नाही.

गिऱ्हाईक कोण?

पासपोर्ट फोटोंवर फार भिस्त ठेवू नये, याला कारण आहे. आधार नोंदणीच्या वेळी फोटो केंद्रावरच काढतात. पारपत्र सेवा केंद्रातही तसेच होते. अनेक अर्ज आता मोबाइलवर काढलेल्या फोटोवर भागतात. हे काम हळूहळू कमीच होत जाणार.

मग उरते काय? प्रत्येक घरातील मोबाइलमध्ये आज हजारो फोटो आहेत, तरीही घरातील वयोवृद्ध व्यक्ती गेली की भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो सापडत नाही. शेवटी आधार कार्डावरचा पुसट चेहरा मोठा करून आणावा लागतो, आणि पुढची पिढी त्या अनोळखी चेहऱ्यालाच आजी म्हणून हार घालते. गोंदियातील स्टुडिओ कितीही मोठा असो, गुडघे धरलेल्या आजी तेथवर जात नाहीत. नागऱ्यातील मुलगा मात्र एक दिवा आणि एक पडदा घेऊन त्यांच्या अंगणात जाऊ शकतो. आजूबाजूच्या खेड्यांतही जाऊ शकतो. लहान सामानाचा हा फायदा कागदावर दिसत नाही, पण उत्पन्नात दिसतो.

दीनदयाळ यांनी हेच वेगळ्या रीतीने केले होते. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. इतरांच्या कॅमेऱ्यासमोर जे कधीच येऊ शकत नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी सोय केली. नागऱ्यात ते स्थान घरातील वृद्धांचे, बाळंतिणीचे आणि तान्ह्या बाळांचे आहे. महिन्याला पाच कुटुंबे कोठून येतील, या प्रश्नाचे हे बऱ्यापैकी खात्रीचे उत्तर होय.

दीनदयाळ यांच्या पेढीत काचेच्या निगेटिव्हवर क्रमांक घातलेला असे. मागाहून कोणी प्रत मागितली तर ती काढून देता यावी, ही सोय त्यात होती. आजच्या स्टुडिओतही प्रत्येक फोटोला क्रमांक, नाव व तारीख द्यावी आणि दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, एक स्टुडिओत व एक घरात. दहा वर्षांनी त्याच फोटोची प्रत मागणारे कुटुंब येते, तेव्हा छपाईखेरीज काही खर्च नसतो. जुन्या कामाचा हा संग्रह जपला तर वर्षागणिक त्याचे मोल वाढते. कॅमेऱ्याचे मात्र उतरत जाते.

कर्ज, अनुदान आणि नोंदणी

कर्ज वाईट नसते, पण ते कधी घ्यायचे हे ठरवावे लागते. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तीत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. आईच्या बांगड्या गहाण ठेवण्याचे कारणच नाही. तथापि तारण नाही म्हणजे परतफेड नाही, असे नव्हे. हप्ता प्रत्येक महिन्याला येतो, चातुर्मासातही. म्हणून वर्षभराच्या नोंदींतून हप्त्याएवढी रक्कम नियमित उरत असल्याचे दिसल्यावरच दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी असे कर्ज घ्यावे.

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची रीत निराळी आहे. २०२२ च्या सुधारित नियमांनुसार त्यात सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदारास २५ टक्के आणि अल्पसंख्याक, महिला आदी विशेष प्रवर्गांस ३५ टक्के अनुदान असते. जैन समाजाचा केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत जानेवारी २०१४ मध्ये समावेश झाला आहे. पण हे अनुदान नव्या उद्योगालाच असते आणि पहिली तीन वर्षे ते बँकेत ठेव म्हणून अडकलेले राहते. स्वतःच्या पैशातून स्टुडिओ आधी सुरू केला तर हा मार्ग बंद होतो. म्हणून योजना सध्या कशी चालू आहे व तिचे ताजे नियम काय आहेत, याची जिल्हा उद्योग केंद्रात व बँकेत चौकशी करून निर्णय दार उघडण्यापूर्वीच घ्यावा. निर्णय घेताना एकच कसोटी लावावी. अनुदान नसते तर एवढा मोठा स्टुडिओ मांडला असता काय? उत्तर नाही असे आले, तर अनुदानासाठी प्रकल्प फुगवू नये. ३५ टक्के अनुदान मिळाले तरी उरलेल्या रकमेचा भार स्वतःवरच असतो.

नोंदणीची कामे फारशी अवघड नाहीत. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेने २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेतो जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र तोवर कॅमेऱ्यावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, म्हणून खर्च लिहिताना किंमत करासह लिहावी. विजेचे मीटर व्यावसायिक वापराचे घ्यावे. घरगुती मीटरवर स्टुडिओ चालवून वाचलेले पैसे पुढे दंडात जाऊ शकतात.

पहिले पान

दिवाळीला वहीपूजन झाल्यावर नागऱ्याच्या त्या घरात दुकानाच्या वहीशेजारी एक नवी वही ठेवली जाते. वडिलांची अट एवढीच असते की दुकानाचा गल्ला आणि स्टुडिओचा गल्ला एकमेकांत मिसळायचा नाही. स्टुडिओला दुकानातून पैसे लागले तर ते उसने म्हणून दोन्हीकडे लिहायचे, आणि दुकानासाठी बापाने स्टुडिओतून घेतले तरीही लिहायचे. एकत्र कुटुंबांतील अनेक धंदे तोट्यापेक्षा अशा न लिहिलेल्या देवघेवीने अधिक कोसळतात, आणि त्यातून भावाभावांत येणारा दुरावा कोणत्याही वहीत भरून निघत नाही.

पहिल्या पानावर मुलगा तीन ओळी लिहितो. रोज किती माणसे आली, किती तास रिकामे गेले आणि किती रक्कम जमा झाली, हे दिवस मावळण्यापूर्वी लिहायचे. राखीव ६०,००० रुपये केवळ महिन्याचा खर्च भागवण्यासाठी वापरायचे. आणि पुढच्या दिवाळीपर्यंत वर्षाची सरासरी महिन्याला पाच कुटुंबांवर गेली नाही, तर कॅमेरा व दिवा विकून खोली पुन्हा गोदामाला द्यायची, आणि त्यात कोणी कोणाला बोल लावायचा नाही.

तिसरी ओळ लिहिताना त्याचा हात क्षणभर थांबतो. अपयशाची मर्यादा आधी लिहून ठेवणे अशुभ आहे, असे आजीला वाटते. वडील समजावतात, “आई, भाव पडला तर कोणत्या भावाला माल काढायचा, हे बाबा खरेदीच्या दिवशीच ठरवीत असत. त्याने ते आज ठरवले, म्हणून वर्षभर त्याला रात्री झोप लागेल.”

मग आजी पदर सावरून म्हणतात, की असे असेल तर पहिला फोटो त्यांचाच निघावा, आणि तो आजच. मुलगा आगाऊ रक्कम मागतो. सारे हसतात, पण आजी कनवटीची नोट काढून देतात, आणि नव्या वहीत जमेची पहिली नोंद होते. आईच्या बांगड्या तिच्या हातांतच असतात. त्या वहीत त्यांचा उल्लेख कोठेही येत नाही.